कानस

ओरेस्ट पावलुक सांगायचा, आधी प्लगची वायर काढ.
बाकी सगळं मग.
टाकीत पेट्रोल थोडंच, कार्बुरेटर वरच्या अंगाला,
आणि मॉवर असा कलता कर
जशी आजारी माणसाची कूस बदलतो.
बोटं मोजून घे, म्हणायचा,
स्वतःची साडेनऊ दाखवून.

यंदा मे उजाडला तरी चरांत बर्फ होता.
डॉफिनच्या उत्तरेला हे असंच:
हिवाळा निघतो,
पण दारात उभा राहून तासभर बोलत बसतो.

पोटाशी गेल्या सप्टेंबरचं गवत
थापून वाळलेलं. पत्र्याच्या पट्टीने खरवडलं,
तर उंदराचं घर निघालं त्यात,
रिकामं, प्लॅस्टिकच्या फुलाची एक पाकळी अंथरलेलं.

नट गंजलेला.
पात्याखाली ठोकळा अडकवून
पान्यावर सगळं वजन टाकलं,
युक्रेनियनमधली मला येते ती एकमेव शिवी
हासडली. सुटला.

पातं शिकंज्यात धरलं, आणि मग दिसल्या खाचा.
चर्चमागच्या थडग्यांतलं गवत आता मीच कापते.
एकशे बारा थडगी,
वर्गणी देणारी घरं अकरा.
टोकाजवळची ही खोल खाच, कोस्तिवांचा सिमेंटचा कठडा:
रस्त्याकडचा कोपरा दर थंडीत
बोटभर वर येतो, जसं काही सांगायचं राहिलंय.
तिच्या शेजारची दातेरी,
पारास्काच्या मेणबत्तीची काचेची बरणी. ती माझी चूक.
तिसरी कुठली, आठवेना.
कानस हातात घेऊन उभी राहिले जरा वेळ.
मग सुरू केलं.

एकाच दिशेने. ढकलायची, उचलायची, परत आणायची.
मागेपुढे नाही, ते काय दात घासणं आहे?
कोन जुना आहे तोच ठेवायचा.
विनिपेगहून मुलगी फोनवर म्हणते,
"आई, नवीन पातं तीस डॉलरला मिळतं."
मिळतं. मला ठाऊक आहे.
तिला स्पीकरवर ठेवून मी चालूच राहते.
"आवाज कसला गं?"
"तीस डॉलर वाचतायत त्याचा."

वस्तऱ्याची धार नको, ओरेस्ट म्हणायचा,
लोणी कापायच्या सुरीइतकी पुरे.
फार तासलंस तर कड पहिल्याच खड्याला मान टाकते.
आणि बोथट ठेवलंस, तर गवत कापलं जात नाही,
ओरबाडलं जातं;
उद्या शेंडे पांढरे, परवा तपकिरी,
आणि रविवारी पायरीवर लोक म्हणणार,
पाऊस कमीच झाला यंदा.

मधल्या भोकाने पातं भिंतीतल्या खिळ्यावर टांगलं.
डावं अंग खाली.
जड त्याच्याच अंगाला कानस, हलक्याला हात लावायचा नाही.
पुन्हा टांगलं. पुन्हा डावं.
शिकंज्याखाली करड्या भुकटीची रेघ जमली,
पोर मांजर येऊन हुंगून, शिंकून गेलं.
चौथ्या वेळी पातं आडवं थरथरलं
आणि राहिलं.

तिसरी खाच पुरती गेली नाही.
तिच्यासाठी फार लोखंड खर्चावं लागलं असतं.

ओरेस्टला जाऊन आता सहा उन्हाळे.
जायच्या आधी त्याने पाद्र्याला बजावलं होतं,
माझ्याभोवती कठडा नको, पात्याला लागतो.
म्हणून त्या ओळीत शेवटून दुसऱ्या जागी
मॉवर सरळ त्याच्यावरून जातो,
आवाज बदलत नाही,
आणि दरवेळी मी त्याला ओलांडून गेल्यावरच
माझ्या लक्षात येतं.

पातं बसवलं, रंगाची खूण खालच्या बाजूला.
नट आवळला. मॉवर सरळ केला.
वायर सगळ्यात शेवटी.
बोटं मोजली.
दहा.